अमेरिकेच्या प्रेअरी (विस्तीर्ण गवताळ मैदानांच्या) प्रदेशातील मातीची घरे निव्वळ गरिबीमुळे बांधली गेली का, आणि ती आज का दिसत नाहीत?

गरिबी होतीच, पण माझ्या मते कायदा आणि अंतर यांचा वाटा अधिक मोठा होता. नेब्रास्का राज्याच्या मध्यावरील कस्टर काउंटीचे उदाहरण घेतो, कारण तिथली घरे छायाचित्रांत उत्तम टिकून आहेत.

ही पॉनी या मूळ अमेरिकी जमातीची शिकारभूमी होती. त्यांना 1870 च्या दशकात दक्षिणेकडील इंडियन टेरिटरीत (मूळ जमातींसाठी राखलेल्या प्रदेशात, आजच्या ओक्लाहोमात) जावे लागले. (मोफत जमिनीच्या कथेत हा भाग बहुधा गाळला जातो.) 1862 च्या होमस्टेड कायद्याने 160 एकर जमीन किरकोळ शुल्कात मिळे, मात्र तिच्यावर पाच वर्षे राहून ती कसावी लागे. म्हणजे डोक्यावर छप्पर ताबडतोब हवे, आणि झाडे तर घळींपुरतीच; विकतचे लाकूड दूरच्या रेल्वेस्थानकावरून गाडीने ओढून आणावे लागे.

मग खास नांगराने गवताळ जमिनीचे लांब पट्टे उलथून त्यांच्या विटा कापत, आणि गवताची बाजू खाली ठेवून त्या रचत. गवताच्या दाट मुळांमुळे वीट फुटत नसे. दोन-तीन फूट जाडीच्या या भिंती हिवाळ्यात ऊब आणि उन्हाळ्यात गारवा देत; अडचण होती ती छपराची. खांबांवर फांद्या आणि वर पुन्हा माती, त्यामुळे पाऊस थांबल्यानंतरही आत गळती चालूच राहे, आणि वरून पडणारी माती अडवण्यासाठी छताखाली कापड ताणत.

छायाचित्रकार सॉलोमन बुचर यांनी 1886 पासून ही कुटुंबे घरासमोर बसवून टिपली. एका गृहिणीला आपले मातीचे घर छायाचित्रात नको होते, म्हणून तिने पायपेटी अंगणात आणवून तिच्याभोवती कुटुंबाला उभे केले. मला यात गरिबीपेक्षा प्रतिष्ठेची काळजी अधिक दिसते.

1886 मध्येच रेल्वे काउंटीच्या ब्रोकन बो या मुख्य गावी पोहोचली, लाकूड आवाक्यात आले आणि ज्यांना परवडले त्यांनी लाकडी घरे बांधली; रिकामी पडलेली मातीची घरे काही वर्षांतच पुन्हा जमिनीला मिळाली. अपवाद आहेत: ब्रोकन बोजवळचे आयझाडोर हॉमाँट यांचे दुमजली घर 1960 च्या दशकापर्यंत उभे होते. कॉमस्टॉकजवळचे 1900 साली बांधलेले डाउज घर तर आज संग्रहालय आहे. तिथे गेलात तर खिडकीच्या खोल कोनाड्याकडे अवश्य पाहा. भिंत किती जाड आहे ते तिथेच कळते.