किल्ली कोणाकडे?

अनेक आशीर्वाद.

तुझ्या वस्तीचा नकाशा बघितला. त्रेचाळीस टिकल्या. अंगणवाड्या हिरव्या, शाळा निळ्या, समाजमंदिर पिवळं. देखणा झालाय. आणि खाली तुझा प्रश्न: एवढं सगळं असून मुलींच्या अभ्यासिकेला जागा का मिळत नाही?

कशी मिळेल? किल्ली कोणाकडे असते ते कुठंच लिहिलेलं नाहीस.

समाजमंदिरावर बोट ठेवलं की तुझा तक्ता सांगतो, पक्की इमारत, दोन पंखे. बरं, मग? कुलूप कोण उघडतं? भजन कोणत्या वारी? लग्नाची भांडी किती दिवस पडून राहतात? विजेचं बिल कोण भरतं? हे नसेल तर ती टिकली म्हणजे नुसतं कुलूप.

मी हीच चूक सहा वर्षं केली. येरवड्याच्या एका वस्तीत 'मुलांना बसायला जागा नाही' असं लिहून देणगी आणली, पत्र्याची खोली उभी केली. एप्रिलात तवा व्हायचा तिचा. चार पावलांवर गणपती मंडळाची स्लॅबची खोली होती, थंडगार. वर्षातले अकरा महिने आत मांडवाचे बांबू आणि एक फाटका ढोल. मी धरून चाललो की मंडळाची पोरं काही देणार नाहीत. किल्ली कोणाकडे होती? पिठाच्या गिरणीतल्या मावशींकडे. काट्याच्या वर, खिळ्याला, काळ्या दोऱ्यात. दर आठवड्याला मी त्या किल्लीखाली उभा राहून दळण घ्यायचो. पुढं कधीतरी विषय निघाला तेव्हा मावशी म्हणाल्या, "सर, तुम्ही कधी विचारलंच नाही."

आता माझीही बाजू ऐक. अर्जात वस्तीत काय नाही ते लिहायला दोन पानं होती, काय आहे त्याला रकानाच नव्हता. खोली झाली नसती तर माझा पुढच्या वर्षीचा पगारही गेला असता. आणि ती अगदीच वाया गेली असंही नाही, बचत गट अजून तिथंच बसतो. असो. स्वतःची वकिली पुरे.

भायखळ्याच्या फुटपाथवरच्या झोपड्यांची मोजणी स्पार्क या संस्थेने १९८५ साली केली, ती तिथं राहणाऱ्यांना बरोबर घेऊन. पुढं तिथल्याच बायकांमधून महिला मिलन ही त्यांची संघटना उभी राहिली. तू कोणाला बरोबर घेतलंस? मोबाईलला. अंगणवाडीच्या ताईंशी तू चार मिनिटं बोललीस, वेळ नोंदलेली दिसते. अगं, लहान मुलांची घरं त्यांच्या रजिस्टरात आहेत. धाकट्याला सांभाळायला कोणती मोठी बहीण शाळा बुडवते, हे रजिस्टरात नाही, पण त्यांना ठाऊक असतं. शिवाय दुपारनंतर ती खोली रिकामी असते का, हे तू विचारलं नाहीस. रोज दारोदार कचरा घेणाऱ्या ताईंना तर तू थांबवलंही नसशील.

पुण्यात २००६ पासून नागरिकांना महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी कामं सुचवता येतात, म्हणून नव्या खोलीचा अर्ज भरायला घेतलायस म्हणे. थांब. आधी आहेत त्या कुलपांच्या किल्ल्या शोध.

आणि हो, किल्लीवाल्यांची नावं वहीत लिही, नकाशावर टाकू नकोस. निवडणूक आली की तीच यादी भलत्याच खिशात जाते. मग मावशी तुला किल्ली तर सोड, पीठही देणार नाहीत.

रागावलो असेन तर सोडून दे. तुझी तळमळ दिसते, म्हणूनच एवढं लिहितोय. पण सगळी धावपळ तू स्क्रीनवर करतेस आणि तिथं किल्ली सापडत नाही.

त्रेचाळीस टिकल्यांत गिरणी एकही नाही, लक्षात आलं का? शनिवारी पाचला तुझ्या वस्तीच्या तोंडाशी येतो. लॅपटॉप घरी ठेव. दोन किलो गहू घेऊन ये.