वसंतात परतणाऱ्या शिकारी पक्ष्यांची गणना स्वयंसेवक कशी करतात? मुंबईत ती करता येईल का?

गरुडासारखे रुंद पंखांचे पक्षी जमीन तापल्यावर वर चढणाऱ्या गरम हवेच्या स्तंभात घिरट्या घेत उंची मिळवतात आणि मग पंख न हलवता पुढच्या स्तंभाकडे घसरत जातात. म्हणून गणनेचा भर पहाटेवर नसून सकाळी उशिरापासून दुपारपर्यंतच्या तासांवर असतो. घिरट्या घालणारा थवा मोजणे जवळजवळ अशक्य असते. अनुभवी स्वयंसेवक थांबतात, आणि पक्षी वरच्या टोकाहून एकामागोमाग एका रांगेत बाहेर पडू लागले की हातातील मोजणीयंत्राचे बटण प्रत्येक पक्ष्यामागे एकदा दाबत जातात. एकच पक्षी दोनदा मोजला जाऊ नये म्हणून आकाशाचे भाग वाटून घेतलेले असतात. इस्रायलमधील एलात येथील वसंतातील गणना अशीच चालते.

मुंबईत गणना करता येईल, मात्र एलातसारखे थवे येथे अपेक्षित धरू नयेत, कारण स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना एकत्र आणणारी, एलातजवळ आहे तशी चिंचोळी वाट येथे नाही. हिवाळ्यात ठाणे खाडी आणि भांडुप पंपिंग स्टेशनच्या परिसरात उतरणारे दलदली भोवत्या, ऑस्प्रे आणि ठिपकेवाला गरुड मार्च-एप्रिलपर्यंत उत्तरेकडे निघतात. खरी डोकेदुखी शहरातल्या घारींची! त्या बारमाही असतात आणि दिवसभर आकाशात फिरतात; त्यामुळे शेपटीची खाच पाहून त्यांना आधी वेगळे काढावे लागते. ज्या तासात एकही स्थलांतरित दिसला नाही, त्याचीही नोंद शून्य म्हणून अवश्य करावी.