शेणखत पसरवायचं यंत्र पहिल्यांदा चालवताना

भाऊ, आधी खत बघा. उकिरड्यातलं अर्धकच्चं, ओलं खत बीटरला, म्हणजे मागे खत फोडून फेकणाऱ्या फिरत्या दातेरी रुळाला, गुंडाळतं. पूर्ण कुजलेलं, मुठीत दाबून सोडल्यावर भुगा होणारं खतच भरा. भरतानाच दगड, नायलॉनची दोरी, साडीच्या चिंध्या वेचून काढा. बरीच मोडतोड त्यांच्यामुळेच होते.

खत बीटरला टेकवून ठासू नका, मागे वीतभर मोकळं ठेवा. पीटीओ (ट्रॅक्टरच्या मागचा, यंत्राला ताकद देणारा फिरता दांडा) जोडून आधी बीटर फिरू द्या, पीटीओने मिनिटाला 540 फेरे पकडले की मगच खत मागे सरकवणारी तळाची साखळी सुरू करा. उलट केलंत तर गठ्ठा बीटरवर दाबला जातो आणि शिअर बोल्ट तुटतो. तो तुटण्यासाठीच असतो, त्याजागी जास्त कडक बोल्ट घातला तर पुढचा फटका गिअरबॉक्सला.

एकरी किती पडतं ते अंदाजाने ठरवू नका. 2 बाय 2 मीटरची ताडपत्री रानात अंथरा, तिच्यावरून आणि दोन्ही बाजूंच्या तासांतूनही यंत्र न्या, मग पडलेलं खत तोला. 4 किलो भरलं तर एकरी साधारण 4 टन. कमी भरलं तर ट्रॅक्टर खालच्या गिअरमध्ये घ्या किंवा साखळीचा वेग वाढवा, पीटीओचे फेरे मात्र तेच ठेवा.

साखळीचा ताण दोन्ही बाजूंना सारखा हवा, नाहीतर पट्ट्या तिरक्या होऊन अडकतात. अडकलं तर ट्रॅक्टर बंद, चावी खिशात, मगच हात घाला. यात सवलत नाही.

पसरलेलं खत त्याच दिवशी कुळवून मातीत मिसळा; उन्हात नत्र उडून जातं.