एन्का (जपानी विरहगीतांचा लोकप्रिय प्रकार) गाणाऱ्या याशिरो आकी साठीनंतर जॅझकडे का वळल्या?

याशिरो आकी यांचे जॅझकडे वळणे हे नवे धाडस कमी आणि मूळ आवडीकडे परतणे अधिक होते, कारण लहानपणी वडिलांनी आणलेल्या अमेरिकन जॅझ गायिका ज्युली लंडनच्या तबकडीने त्यांना गायनाची ओढ लावली होती आणि १९७१मध्ये पहिली तबकडी निघण्यापूर्वी त्या टोकियोच्या गिन्झा भागातील क्लबांत गात असत. २०१२मध्ये कोनिशी यासुहारू यांच्या निर्मितीत त्यांचा जॅझ अल्बम आला आणि पुढच्या वर्षी त्या न्यू यॉर्कच्या बर्डलँड क्लबमध्ये गायल्या. १९७९चे ‘फुनाउता’, ज्यात कोमट साके (तांदळाची जपानी दारू) आणि शेकलेले माकूल एवढे पुरेसे आहे असे म्हटले आहे, आणि या अल्बममधील ‘क्राय मी अ रिव्हर’ लागोपाठ ऐकावे: तोच घोगरा, किंचित फाटलेला आवाज (मला तो फार प्रिय आहे) एन्कात स्वर वळवून हुंदका उभा करतो, तर इथे जवळजवळ बोलल्यासारखा थांबत थांबत उतरतो. मात्र त्यांनी एन्का सोडले असे समजू नये. याच अल्बममध्ये जुनी जपानी गाणीही जॅझच्या साथीने गायलेली आहेत.