आजीचा टाक आईच्या वहीतून काढायचा का?

प्रश्न : माझी आई सत्तरी ओलांडल्यावर वहीत आठवणी लिहू लागली. गावच्या गिरणीत आमचं दळण सगळ्यांच्या शेवटी पडायचं, हे तिनं लिहिलंय. शिवाय, बाबासाहेबांच्या नागपूरच्या बौद्ध दीक्षेनंतर वस्तीनं देव नदीत सोडले, पण आजीनं खंडोबाचा टाक (पत्र्यावर उठवलेली देवाची छोटी मूर्ती) ज्वारीच्या कणगीत लपवला, हेही लिहिलंय. भाऊ म्हणतो, हिंदू देव पुजणार नाही हेही सांगणाऱ्या बावीस प्रतिज्ञा घेतलेलं आपलं घर, हे छापलं तर समाजात हसं होईल. आई गप्प आहे. काय करू?
– एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, काढू नका. तुम्ही पाठवलेली झेरॉक्स पानं वाचली. गिरणीवर तीन पानं आहेत आणि कणगीवर जेमतेम चार ओळी. मला विचाराल तर खरं लिहायचं तिथंच राहिलंय. आजी टाक बाहेर कधी काढायची? चंपाषष्ठीला? आजोबांना ठाऊक होतं का? सकाळी बुद्धवंदना म्हणणारी बाई रात्री कणगीत हात घालताना स्वतःशी काय बोलत असेल? आईला बोलतं करा, आणि ती बोलेल तसंच उतरवून घ्या.

भावाची धास्ती मला कळते. 'धर्म बदलला, देव सुटले नाहीत' असे टोमणे मारणारे आजही आहेत. पण तुमच्याच भागातल्या, फलटणच्या बेबीताई कांबळेंचं 'जिणं आमुचं' घरात वाचा. १९८६ साली ते पुस्तक आलं. बाई पक्क्या आंबेडकरवादी, तरी आषाढातले देव, पोतराज, अंगात येणाऱ्या बाया, काही म्हणता काही झाकलं नाही. त्यातून कुणाचं हसं झालं नाही. माणसांना कुठल्या अज्ञानात डांबलं होतं ते दिसलं. नवऱ्याला कळू नये म्हणून लिहिलेलं वर्षानुवर्षं लपवणारी ती बाई. तुमच्या आईला निदान तेवढं तरी करावं लागू नये.

आणखी एक. ज्या विठोबाच्या पायरीशी चोखोबांची समाधी आहे, त्याच्या देवळात दलितांना शिरता यावं म्हणून साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावं लागलं. असं असताना आजीचा टाक मात्र घरचा. त्याला हळद लावायला ना पुजाऱ्याची परवानगी, ना बडव्याची. ती सोडेना ती श्रद्धा म्हणून, की आयुष्यात तेवढंच एक तिच्या हुकमतीतलं होतं म्हणून? मला दुसरं खरं वाटतं, पण आजीला पाहिलंय तुमच्या आईनं. तिला काय वाटतं ते येऊ द्या.

गिरणीवाल्याचं नाव तेवढं बदला. त्याची नातवंडं अजून त्याच गावात राहतात, आणि तुमच्या आईलाही तिथंच राहायचंय. भावाला पटत नसेल तर त्यानं आपलं म्हणणं वेगळं लिहावं, पुस्तकाच्या शेवटी खुशाल छापा. आईच्या पानांवर मात्र त्याची पेन्सिल नको.