आबाजींवर लिहिताना

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद. आबाजींच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या आयुष्यावर छोटी पुस्तिका काढण्याचा तुझा विचार आवडला आणि मसुदाही वाचला. त्यातील बहुतेक पाने फौजेवर खर्च झाली असून पोस्टातली सगळी नोकरी शेवटच्या परिच्छेदात उरकली आहे. हे प्रमाण मला पटत नाही, म्हणून हे सविस्तर पत्र.

फौजेचा भाग गाळू नकोस, पण तपासून लिही. ‘१९७१ च्या युद्धात सीमेवर पराक्रम गाजवला’ हे वाक्य ऐकीव आहे. पेटीतली मेडले बाहेर काढ. संग्राम मेडल प्रत्यक्ष आघाडीवर न लढलेल्या अनेक शिपायांनाही मिळाले. ‘पश्चिमी स्टार’ किंवा ‘पूर्वी स्टार’ ही पदके मात्र त्या त्या आघाडीवर असलेल्यांची. मेडलच्या कडेवर क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेले असते, तेही वाच. घरी जपलेल्या पत्रांवर ‘द्वारा ५६ एपीओ’ (फौजेचे टपाल कार्यालय) दिसले म्हणून ठिकाणाचा तर्क लढवू नकोस; शिपायाची जागा कळू नये यासाठीच तसा पत्ता असतो. फौजेतून सुटताना मिळालेले डिस्चार्ज बुक हाती लागले नाही, तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात त्यांच्या क्रमांकानिशी विचारणा कर. स्टार निघाला नाही, तरी त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. ३ ते १६ डिसेंबरच्या त्या लढाईत मागे राहून पूल आणि डेपो राखणारेही फौजच होते.

आता पोस्टाविषयी. त्या काळी पंधरा वर्षांच्या सेवेनंतर शिपायाला निवृत्तिवेतन लागू होई तेव्हा तो जेमतेम पस्तिशीचा असे, घरची कोरडवाहू पऱ्हाटी पावसाच्या भरवशावर असे आणि मुले शाळेत जाऊ लागलेली असत. म्हणून माजी सैनिकांसाठी राखीव असलेल्या जागांवर आपल्याकडची कितीतरी माणसे फौजेचा हिरवा गणवेश उतरवून पोस्टाची खाकी चढवत. आबाजी खात्याचे कायम पोस्टमन होते की ‘ईडी’, म्हणजे आजचे ग्रामीण डाकसेवक, हे तू लिहिलेलेच नाहीस. ईडी माणसाला काही तासांच्या कामाचा भत्ता मिळे आणि सरकारी निवृत्तिवेतन मिळत नसे, त्यामुळे हा फरक तुमच्या घराच्या साऱ्या हिशेबाचा आहे. कागदपत्रे पाहूनच तो लिही.

बटवड्याचे वर्णन मात्र सढळ हाताने कर. १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला खरा, पण एकाच पिनमध्ये अनेक खेडी येत आणि बुद्रुक-खुर्दचा घोळ आकड्यांनी सुटत नसे. पत्रातले नाव, जावयाचे गाव आणि लिहिणाऱ्याचे अक्षर यांवरून आबाजी घर शोधत. पावसाळ्यात काळ्या मातीच्या रस्त्यावर मडगार्डमध्ये चिखल दाटला की सायकल खांद्यावर घ्यावी लागे, आणि थैली भिजू नये म्हणून ती सदऱ्याच्या आत. मनीऑर्डरवर अंगठा उमटवताना साक्षीदार लागे, तोही तेच शोधून आणत. ज्या म्हाताऱ्यांना वाचता येत नसे त्यांना पत्र ओसरीवर बसून वाचून दाखवणे आणि उत्तर लिहून देणे हे नियमात कुठेच नव्हते, पण ते दुपारचा मोठा वेळ खाई. अशा घरांतल्या वयस्क बायाबापड्यांना भेट. आठवणी त्यांच्याकडे आहेत, तुमच्या कपाटात नाहीत.

तिथे एक पथ्य पाळ. कोणाच्या मुलाने पैसे पाठवणे थांबवले, कोणत्या लेकीने सासरहून काय कळवले, कोणाला सावकाराची नोटीस आली, हे आबाजींना ठाऊक होते आणि ते त्यांनी कधी चावडीवर नेले नाही. तुला कोणी मोकळेपणाने सांगितले, तरी नावानिशी छापू नकोस. नाव बदलूनही नाही, कारण एवढ्याशा गावात माणूस लगेच ओळखला जातो. आबाजींनी काय केले ते लिही, त्यांना काय माहीत होते ते नको. (तुझा तो सावकाराच्या नोटिशीचा किस्सा रंगतदार आहे हे कबूल, पण तो काढच.)

नवा मसुदा मला पाठवण्याआधी आजीला मोठ्याने वाचून दाखव. ती जे वाक्य नको म्हणेल ते कारण न विचारता काढ. ती जे जास्त सांगेल त्यासाठी दोन पाने कोरी ठेव.

तुझा,
गुरुजी