विचारा दर्यावर्दीला: बेरिंगचे खेकडे

गेल्या अंकात जहाजावरच्या थंडीबद्दल लिहिताना बेरिंग समुद्रातल्या खेकडेमारीवरच्या, डिस्कव्हरीच्या ‘डेडलिएस्ट कॅच’ या मालिकेचा एका ओळीत उल्लेख केला, आणि या महिन्याच्या टपालातली निम्मी पत्रं खेकड्यांचीच निघाली. आधीच सांगतो, मी व्यापारी जहाजांवर बत्तीस वर्षं काढली, मासेमारी बोटीवर एक दिवसही नाही. पण त्या समुद्रातून गेलो आहे, आणि घर अलिबागजवळ खाडीच्या काठावर, त्यामुळे चिंबोरीशी लहानपणापासून वैर आहे. पाच पत्रं घेतली.

काका, मी आणि बाबा या मालिकेचे अगदी पहिल्या वर्षापासूनचे भाग बघतोय. आई म्हणते, कॅमेरा समोर असला की माणसं ओरडतातच, सगळं नाटक आहे. खरंच एवढा धोका असतो का?
– एक वाचक, चिंचवड

आईचं अर्धं बरोबर आहे. कॅमेरावाले बोटीवर आठवडेच्या आठवडे राहतात, शिवाय डेकवर कायमचे बसवलेले कॅमेरे असतात. त्या ढिगातून पाऊण तास काढायचा म्हटल्यावर सोमवारची लाट आणि गुरुवारचं भांडण शेजारी-शेजारी येणारच. जाहिरातीआधी वाटतं आता कोणीतरी गेला, आणि जाहिरातीनंतर कळतं की नुसती बादली उलटली. मला त्याचा कंटाळा येतो.

पण खेकडे धरायचा तो पिंजरा नाटकातला नाही. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, सात फूट लांब, सात फूट रुंद, तीनेक फूट उंच, वरून जाळी. रिकामा असतानाच तीनशे किलोच्या आगेमागे. आत हेरिंग नाहीतर कॉड कापून टांगायचा, पिंजरा हायड्रॉलिक फळीवरून पाण्यात लोटायचा, मागोमाग दोर आणि पाण्यावर तरंगणारा बोया. दोराच्या वेटोळ्यात पाय अडकला तर माणूसही मागोमाग. एक-दोन दिवसांनी परत येऊन आकडी फेकून बोया पकडायचा आणि पिंजरा वर घ्यायचा. हे रात्रंदिवस, झोप डोळ्यांवर असताना, डेक हलत असताना. आमच्याकडे खाडीत फग लावतात, म्हणजे लोखंडी कडीला जाळं आणि मध्ये माशाचं डोकं. तो मी पाचवीत असताना एका हाताने उचलायचो. एवढाच काय तो फरक!

खरी भीती मात्र वेगळीच आहे, आणि ती कॅमेऱ्यात नीट येत नाही, कारण ती हळूहळू होते. 1996 च्या फेब्रुवारीत आम्ही व्हँकुव्हरहून गहू घेऊन जपानला निघालो होतो. पृथ्वी गोल असल्यामुळे जवळची वाट वरून, अलास्काच्या कुशीतून जाते. युनिमॅक खिंडीतून आत गेलं की बेरिंग समुद्र, आणि तिथून डच हार्बर जवळच. मालिकेतल्या बोटी जिथून सुटतात तेच बंदर. रात्रीच्या वॉचला लांबवर पिवळ्याजर्द दिव्यांचे पुंजके दिसले, लग्नाच्या मांडवासारखे. खेकड्यांच्या बोटी. सकाळी आमच्या जहाजाच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, उडालेलं पाणी जागच्या जागी गोठलेलं होतं, नांगराचं यंत्र बर्फात गुडूप. आम्ही लाकडी मोगऱ्यांनी दोन तास ठोकत होतो. आमचं जहाज पावणेदोनशे मीटरचं, त्याला त्या बर्फाचं काही नाही. त्या बोटी तीस-पस्तीस मीटरच्या. डेकवर पिंजऱ्यांची माडी रचलेली, आणि प्रत्येक जाळी उडणारं पाणी धरून ठेवते. म्हणजे वजन वाढतं ते वरच्या बाजूला. डोक्यावर भरलेला हंडा घेतलेल्या बाईला कोणी कोपराने ढोसलं तर काय होईल? बोट एकदा कलली की परत सरळ व्हायला वेळ घेते, आणि एकदा परत येतच नाही. म्हणून ते लोक हातोडे घेऊन बर्फ फोडत असतात. ते दृश्य आलं की आईला जरूर बोलवा.

पहिल्या हंगामाचं चित्रीकरण चालू असतानाच, 15 जानेवारी 2005 ला, ‘बिग व्हॅली’ नावाची बोट सेंट पॉल बेटाजवळ बुडाली. सहा माणसं होती, एक वाचला. ठरवून दिलेल्या संख्येपेक्षा कितीतरी जास्त पिंजरे तिच्यावर होते. 2017 च्या फेब्रुवारीत ‘डेस्टिनेशन’ सहाही माणसांसकट गेली, सेंट जॉर्ज बेटाजवळ. तिच्यावरही बर्फच साचलेला होता.

माणूस जास्तीचे पिंजरे का चढवतो? हाव म्हणून सोडून देऊ नका, कारण नियमच तसा होता. 2005 पर्यंत तिथे शर्यत असायची. सरकार एकूण किती खेकडा काढायचा ते ठरवी, हंगाम एका ठरलेल्या क्षणी उघडे आणि आकडा भरला की बंद. अडीचशेच्या आसपास बोटी एकदम सुटायच्या आणि किंग क्रॅबचा अख्खा हंगाम तीन-चार दिवसांत आटपायचा. वादळ आलं म्हणून बंदरात थांबलात तर वर्षाची कमाई गेली. 2005 च्या शेवटाला प्रत्येकाचा वाटा आधीच ठरवून द्यायची पद्धत आली. बोटी शंभराच्या आत आल्या, हंगाम महिन्यांवर गेला आणि हवा खराब असेल तर आसऱ्याला थांबणं परवडू लागलं. बुडणाऱ्यांची संख्या खाली आली. पण दीडशे बोटींवरच्या खलाशांची कामंही त्यात गेली, हे मालिकेत फारसं येत नाही.

आणखी एक. ‘बिग व्हॅली’च्या महिनाभर आधी, 8 डिसेंबर 2004 ला, ‘सेलेंडांग आयू’ नावाचं मालवाहू जहाज इंजिन बंद पडून, डच हार्बर ज्याच्यावर आहे त्याच उनालास्का बेटावर आदळलं आणि दोन तुकडे झालं. सोयाबीन घेऊन चीनला चाललं होतं. सोडवायला आलेल्या हेलिकॉप्टरवर लाट चढली आणि जहाजावरचे सहा जण गेले. त्या जहाजावर आपल्याकडची माणसंही होती. तो समुद्र माझ्या डोक्यात आहे तो या बातमीमुळे. टीव्ही मी खूप नंतर पाहिला.

माझा मुलगा बावीस वर्षांचा आहे, डिप्लोमा झालाय. मालिका बघून त्याच्या डोक्यात बसलंय की अलास्काला एक हंगाम केला की लाखो रुपये. इथल्या एका एजंटने पैसे भरले तर पाठवतो असं सांगितलंय. काय करू?
– एक आई, नाशिक

ताई, पैसे भरू नका. अमेरिकन झेंड्याच्या मासेमारी बोटीवर बहुतेक खलाशी तिथले नागरिक किंवा कायमचे रहिवासीच असावे लागतात. नाशिकहून नवखा पोरगा थेट डेकवर चढेल, हे कोणी सांगत असेल तर तो तुमच्याकडून तिकिटाचे नव्हे, स्वतःच्या घराच्या हप्त्याचे पैसे मागतोय. मी स्वतः 1981 मध्ये एकाला साडेतीन हजार दिले होते. आईच्या पाटल्या होत्या त्या. जहाज आलंच नाही.

कमाईचंही ऐकून ठेवा. तिथे पगार नसतो, वाटा असतो. आपल्या नाखव्याकडे असतो तसाच. डिझेल, आमिष, जेवण वजा करून उरेल त्यात हिस्सा, आणि नवख्याला सगळ्यात लहान. खेकडा लागला नाही तर हात हलवत घरी. मुलाला समुद्रच हवा असेल तर नौवहन महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेतून रीतसर कोर्स करू दे आणि सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदवही, काढू दे. रागावू नका त्याच्यावर. मलाही सिनेमा बघूनच वेड लागलं होतं.

किंग क्रॅब म्हणजे मोठी चिंबोरीच ना? चवीला कसा?
– दादर

नाही हो. तो खरा खेकडाच नाही, शंखात राहणाऱ्या खेकड्याच्या जवळचा नातेवाईक आहे. पाय मोजा. चिंबोरीला नांग्या सोडून चार जोड्या, किंग क्रॅबला वरून तीनच दिसतात, चौथी बारीक जोडी कवचाखाली दडवलेली. मोठा नर पाय पसरून पाच फूट भरतो.

धरतात फक्त नर, आणि तेही कवच साडेसहा इंच रुंद असेल तर. माद्या आणि पिल्लं परत पाण्यात. पोटाची झडप अरुंद त्रिकोणी तर नर, पसरट गोल तर मादी. आपल्या बाजारातल्या कोळणी चिंबोरी उलटी करून हेच बघतात, पण उलट्या हेतूने, कारण गिऱ्हाइकाला लाखेची, म्हणजे अंडी भरलेली मादीच हवी असते. बोटीच्या पोटात समुद्राचं पाणी खेळतं ठेवून खेकडे बंदरापर्यंत जिवंत आणावे लागतात. मेलेला तिथेही कोणी घेत नाही. चव गोडसर, मांस लांब धाग्यांचं. जपानमध्ये एकदा एक पाय खाल्ला. वाटण नव्हतं, लोणी होतं. माझं मत विचारू नका.

मी सिॲटलजवळ राहतो. फिशरमन्स टर्मिनलवर गेलो होतो, तिथे समुद्रात गेलेल्यांच्या नावांचं स्मारक आहे. मध्यंतरी तिथे कोणीतरी म्हणालं की खेकडेच संपले. हे कसं?
– बेलव्ह्यू, वॉशिंग्टन

संपले नाहीत, पण हादरा मोठा होता. बेरिंग समुद्राच्या ब्रिस्टल बे या आखातातला लाल किंग क्रॅब 2021 आणि 2022 असे सलग दोन हंगाम बंद ठेवला आणि 2023 च्या ऑक्टोबरात पुन्हा उघडला. ऑपिलिओ, म्हणजे स्नो क्रॅब, 2022 मध्ये इतिहासात पहिल्यांदा बंद झाला. दरवर्षी सरकारी शास्त्रज्ञ समुद्रतळावर जाळं ओढून मोजणी करतात. 2020 ची मोजणी कोविडमुळे झाली नाही, आणि 2021 मध्ये जाळं वर आलं ते जवळपास रिकामं. 2018 पासून तोवर दहा अब्जांहून जास्त खेकडे नाहीसे झाले होते.

आधी सगळ्यांना वाटलं कुठेतरी सरकले असतील. मग 2023 मध्ये कारण पुढे आलं ते उपासमारीचं. 2018-19 ला तिथला समुद्र तापला. पाणी त्यांना मारण्याइतकं गरम नव्हतं, पण थंड रक्ताच्या प्राण्याला पाणी तापलं की भूक जास्त लागते, आणि नेमके त्याच वर्षी खेकडे भरमसाट होते, थोड्याशा थंड जागेत दाटी करून बसलेले. खाणारे खूप, ताटात कमी. पंगतीत भात संपला तर आपण उठून जातो, त्यांना जायला जागा नव्हती.

2024 च्या ऑक्टोबरात स्नो क्रॅब पुन्हा उघडला, पण वाटा 2020-21 च्या हंगामाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा. तुम्ही आता टर्मिनलवर गेलात आणि बोटी उभ्या दिसल्या, तर आधी महिना बघा. उन्हाळ्यात त्या दुरुस्तीसाठीही उभ्या असतात, आपल्याकडे जून-जुलैत होड्या शाकारतात तशा.

काका, एखादा पिंजरा समुद्रात हरवला तर आतले खेकडे बाहेर कसे येणार? मी सहावीत आहे.
– सोलापूर

शाब्बास. या महिन्यातला सगळ्यात चांगला प्रश्न तुझा. मोठ्यांपैकी एकानेही हा विचारला नाही.

पिंजरा हरवतो, कारण बर्फाचे तक्ते सरकत येतात आणि बोया ओढून नेतात. मग पिंजरा तळाशी पडून राहतो. आतला खेकडा मरतो, त्याच्या वासाने दुसरा आत येतो, तोही अडकतो. मालक नसताना मासेमारी चालूच. म्हणून अलास्कात नियम आहे की पिंजऱ्याच्या जाळीचा एक भाग सुती दोऱ्यानेच शिवायचा. बाकी जाळी नायलॉनची, ती वर्षानुवर्षं टिकते. सूत पाण्यात कुजतं, शिवण उसवते आणि तिथून वाट मोकळी होते.

तुला करून बघायचं असेल तर एक सुती दोरा आणि एक नायलॉनचा दोरा घे, दोन्ही एकाच जाडीचे. कुंडीतल्या ओल्या मातीत पुर, माती सुकू देऊ नकोस, आणि दर रविवारी दोन्ही ओढून बघ. सुती कितव्या रविवारी तुटला ते मला लिहून पाठव, तारीख घालून.